नमस्कार कंसाबाहेर

आमच्याकडे पाय हा अवयव फार जपून वापरायचा असे. माणसाला लागायला नको, पुस्तकाला लागायला नको, केरसुणीला लागला तर ती साक्षात लक्ष्मी. चुकून लागलाच, तर ज्याला लागला त्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. माझं माहेर गोदावरीच्या अलीकडे, जुन्या नाशकात, आणि सासर पलीकडे पंचवटीत. दोन्ही काठांचे बाकी पुष्कळ मतभेद होते, पण पायाचा कायदा एकच. तो माझ्या अंगात इतका भिनला होता की लग्नानंतर सुरुवातीला मी म्हणे झोपेतसुद्धा पाय लागला की उठून बसायची, नवऱ्याच्या पोटरीला हात लावायची, तो कपाळाला न्यायची आणि पुन्हा आडवी व्हायची. हे त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत ते बोलतच नसत.

बोलत नसत म्हणजे तुसडे होते असं नाही. बोलायला जागा नव्हती. सासरे यात्रेकरूंचे उपाध्ये, त्यामुळे घरात कधीही, कुठल्याही गावची माणसं जेवायला टेकलेली असत. आमच्यातला दिवसभराचा संवाद म्हणजे पंगतीत त्यांनी ‘भात’ म्हणायचं आणि मी वाढायचा. रस्त्यानं जाताना ते पुढे, मी मागे, आणि मध्ये एखादी म्हैस आरामात मावेल एवढं अंतर. लग्नाला वर्ष होत आलं तोवर मला त्यांची पाठ अगदी पाठ झाली होती. तोंडाबद्दल मात्र खात्रीनं काही सांगता आलं नसतं.

मग त्यांना देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली. सकाळच्या शाळेला बस कधी गाठायची आणि कधी पोचायचं, म्हणून तिथंच दोन खोल्या घ्यायचं ठरलं. सासूबाईंनी परवानगी दिली, पण तोंड बारीक करून. “तात्पुरतं हो,” त्या म्हणाल्या. “मी येऊन बघेन. संसार नीटनेटका दिसला तर राहा, नाहीतर बिऱ्हाड मोडून घरी या. तो बसनं जाईल-येईल. इथं मला हात कमी पडतात.” कमी पडणारे हात माझे होते, हे सांगायला नकोच.

मला परत जायचं नव्हतं. आज हे इतकं सरळ लिहिते आहे, पण तेव्हा मनातल्या मनातही म्हणायला धजत नव्हते. दोन खोल्या, एक स्टोव्ह, आणि भात मागितला तर मागणारा एकच माणूस. मला ते सुख सोडवत नव्हतं.

घरमालकीण पारशी होत्या. सत्तरीच्या, विधवा, अंगात फ्रॉक, गळ्यात मोती. त्यांचा बंगला आणि मागच्या आवारात आमच्या खोल्या. सगळा कॅम्प त्यांना आंटी म्हणे. त्यांचे यजमान बोटीवर इंजिनियर होते आणि त्यांच्याबरोबर आंटी दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात काही वर्षं राहून आल्या होत्या. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या, एक ग्रामोफोनच्या तबकड्यांची पेटी आणि दुसरा टँगो. दर शनिवारी दिवेलागणीच्या आधी त्यांच्या हॉलमध्ये कॅम्पातला एक मेजर, एक रेल्वे गार्ड अशी चार-पाच जोडपी जमत आणि नाचत.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एका शनिवारी मी त्यांच्या मागच्या पायरीवर तांदूळ निवडत बसले होते आणि आत तबकडी लागली होती. माझं लक्ष खड्यांत होतं, पण पायाचं नव्हतं. पायातली जोडवी दगडावर टिकटिक करत होती, बरोबर तालात. आंटी दारात येऊन किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

“ए डिकरी,” त्या म्हणाल्या, “तुझा पाय तर नाचते, तू कशाला बसली?”

मला त्यांनी तांदळाच्या सुपासकट आत ओढलं. स्वयंपाकाचं काय झालं ते बघायला नवरोबा शोधत आले, ते आयते सापडले. टँगो शिकायचा म्हटल्यावर मी आधी टांगाच ऐकलं. नाशकाची पोर, तिला दुसरं काय ऐकू येणार! पंचवटी कारंज्यावर टांगे हाकणारे मी जन्मभर पाहिले होते, त्यात शिकण्यासारखं काय असतं, असं मला वाटलं. नंतर कळलं की टँगोतही एक हाकतो आणि एक ओढली जाते, पण ओढली जाणारीला बराच मान असतो.

शिष्टाचार फार होते. पुरुषानं जवळ येऊन हात पुढे करायचा नाही. हॉलच्या पलीकडून नजरेनं विचारायचं. बाईला नाचायचं असेल तर तिनं नजर धरून मान हलवायची, नसेल तर दुसरीकडे बघायचं. “म्हणजे कोणाला समजत नाही, कोणाची इज्जत जात नाही,” आंटी म्हणाल्या. आमच्या मंगळागौरीत असलं काही नव्हतं. तिथं ‘ये गं’ म्हणायचं आणि मनगट धरून फुगडीला खेचायचं, तुझं मन असो की पित्त झालेलं असो. दुसरा नियम, नाचताना बोलायचं नाही. हा ऐकून आमच्या नवरोबांच्या चेहऱ्यावर इतकी शांती पसरली की ते तिथंच टँगोचे झाले.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे नखरा. हा शब्द आंटींचाच.

नखरा हा शब्द माहेरी मी फक्त ‘पुरे’ या शब्दाच्या आधी ऐकला होता. आरशासमोर जरा रेंगाळलं की आई म्हणे, नखरे पुरे. गजरा तिरका माळला, नखरे पुरे. आणि इथं एक पांढऱ्या केसांची बाई मला गंभीरपणे नखरा शिकवायला निघाली होती. “चालवतो पुरुष,” त्या म्हणाल्या, “पण मध्ये मध्ये तो थांबते. तो टाइम बाईचा. त्यात बाई आपला नखरा करते.” म्हणजे अंगठ्यानं जमिनीवर एक गोल काढायचा. किंवा टाच हलकेच आपटायची. किंवा एक पाऊल दुसऱ्या घोट्याला घासून न्यायचं. “छोटा करायचा. मोठा करते ती सर्कस. शेजारच्याला लाथ नाही लागली पाहिजे. आणि बाईचा नखरा चालू हाय तोपर्यंत पुरुषानं हलायचं नाही. घाई करते तो गाढव.”

गाढव ठरायची नवरोबांना फार धास्ती. वर्गात ते हा शब्द रोज दुसऱ्यांना देत असणार. त्यामुळे ते थांबत. श्वास रोखून, मुकाट्यानं, माझा अंगठा जमिनीवर गोल काढून होईस्तोवर. माझ्यासाठी आयुष्यात कुणी इतकं थांबलं नव्हतं. मला ते भयंकर आवडलं. मी गोल जरा मोठे काढायला लागले.

शिवाय या नाचात बाई उलटी चालते आणि पुरुष सुलटा, त्यामुळे दोघांची तोंडं समोरासमोर येतात. ह्यांच्या डाव्या भुवईत देवीचा एक बारीक वण आहे, हे मला लग्नानंतर वर्षानं, एका पारशी बाईच्या हॉलमध्ये कळलं.

आंटींनी मला आपले जुने टाचांचे बूट देऊ केले होते. पण त्यात शिरायचं तर जोडवी काढायला हवीत, आणि नवरा समोर जिवंत उभा असताना मी जोडवी कशी काढू? मी अनवाणी नाचे. टाच आपटण्याऐवजी बोट आपटलं की फरशीवर टिक्क वाजे. आंटी खूश. “आम्हाला हील पाहिजे, हिच्या बोटालाच घंटी!”

इथवर सगळं सुरळीत होतं. घोड्यानं पेंड खाल्ली ती पुढच्या नखऱ्याला. त्यात बाई आपलं पाऊल पुरुषाच्या पोटरीवरून हलकेच खालून वर नेते. आंटींनी एका खुर्चीच्या पायावर करून दाखवलं, फार देखणं दिसलं. मी ह्यांच्यावर करून पाहिलं. पाऊल लागलं मात्र, हात आपोआप सुटला, मी वाकले, ह्यांच्या पोटरीला हात लावला आणि कपाळाला नेला. वर येताना माझं डोकं ह्यांच्या हनुवटीवर आपटलं. मागून उलट्या येणाऱ्या मेजरच्या बायकोला आम्ही दिसलोच नाही, ती आमच्यावर, मेजर तिच्यावर, आणि निवृत्त रेल्वे गार्ड व त्याची गुबगुबीत बायको त्या सगळ्यांवर. गार्डानं सवयीनं शिट्टी वाजवायला खिशात हात घातला, असं मला अजूनही वाटतं.

“तू पाय लावते, मग वाकते, मग म्युझिक पुढे निघून जाते!” आंटी कपाळ धरून बसल्या. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी मी दात-ओठ खाऊन वाकले नाही, तर हात तेवढा सुटला आणि मेजरच्या नाकाला लागला. माझा इलाज नव्हता. नवऱ्याला पाय लावून तसंच पुढे जायचं म्हणजे देवापुढे चपला घालून उभं राहण्यासारखं वाटे.

त्या संध्याकाळी आवारातून खोलीकडे येताना नवरोबा एकदम थांबले. बराच वेळ विचार चाललेला असावा.

“नमस्कार प्रत्येक पदात येतोय,” ते म्हणाले. “सामाईक आहे. कंसाबाहेर काढ.”

“म्हणजे?”

“म्हणजे मध्ये मध्ये नको. किती का वेळा पाय लागेना, तबकडी संपली की सगळ्यांचा मिळून एकच कर. उत्तर तेच येतं.”

इतकं लांब वाक्य ते माझ्याशी प्रथमच बोलले होते. आणि पटण्यासारखं होतं. बीजगणित शास्त्राविरुद्ध जात नाही.

तेव्हापासून मी पोटरीवरून पाऊल नेई, मनात ‘बाकी’ म्हणे, आणि तबकडी संपल्यावर एकदाच वाकून ह्यांच्या पायांना हात लावी. गंमत अशी झाली की गार्डाच्या बायकोला हा टँगोचाच शेवट वाटला. पुढच्या शनिवारी तबकडी संपल्यावर तीही गार्डापुढे वाकली. गार्ड इतका सुखावला की दर तबकडीला वाट बघत उभा राहू लागला. मग आणखी एकीनं केलं. मेजरची बायको पंजाबी, ती मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मैं क्यों करूँ? पैर तो ये मेरे कुचलते हैं!” आंटी म्हणाल्या की बंदरात असं काही नव्हतं, पण दिसते चांगलं.

आणि अशा बहरात, एका शनिवारी दुपारी, सासूबाई आल्या. न कळवता. हातात पिशवी, पिशवीत मेतकूट आणि माझी परीक्षा.

त्यांनी आल्या आल्या डबे उघडून पाहिले, पाण्याचं पिंप वाजवून पाहिलं, देवापुढची फुलं ताजी आहेत का पाहिलं. सगळं ठीक होतं. ठीक आहे असं त्या म्हणाल्या नाहीत, पण नाकही मुरडलं नाही. मी मनात म्हटलं, आजची संध्याकाळ निघाली की जिंकलं. आम्ही दोघांनी न बोलता ठरवून टाकलं की आज हॉलकडे फिरकायचं नाही.

दिवेलागण व्हायच्या सुमाराला तबकडी लागली. माझी पावलं मी पातळाखाली घट्ट दाबून धरली. तेवढ्यात दारात आंटी. मोती, फ्रॉक, पावडर.

“तुम्ही याची मम्मी? चला नी, तुम्ही पण बसा.”

“तिकडे काय आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“गाना-बजाना. जोड्यानं.”

“भजन का?”

आंटींनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड पाहून त्यांना सगळं कळलं असणार, आणि कळूनही त्या म्हणाल्या, “हा, तसंच समजा.”

जोड्यानं भजन म्हटल्यावर सासूबाई पदर सावरून निघाल्याच. त्यांना हॉलमध्ये भिंतीशी खुर्ची मिळाली. चहा त्यांनी नाकारला. नऊवारीतला ताठ कणा, मांडीवर हात, आणि समोर मेजर आपल्या बायकोला कवटाळून खोलीभर फिरतो आहे. मी त्यांच्या शेजारी खाली सतरंजीवर बसले, मान खाली घालून. हे पलीकडच्या भिंतीशी. आज आम्ही प्रेक्षक, हे उघडच होतं. ‘भजन’ बघून सासूबाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी फक्त विचारलं, “नवरा-बायको आहेत ना सगळे?” मी हो म्हणाले.

दुसरी तबकडी लागली. मी सहज मान वर केली, आणि पलीकडून हे माझ्याकडे बघत होते.

सहज नव्हे. विचारत होते. आईदेखत.

पंचवटीत या माणसानं आईदेखत माझ्याकडे कधी डोळा वर करून पाहिलं नव्हतं. दुसरीकडे बघितलं असतं तर संपलं होतं, कुणाला कळलं नसतं, कुणाची इज्जत गेली नसती, नियमच तसा होता. उद्या सासूबाई पिशवी उचलून गेल्या असत्या आणि माझ्या दोन खोल्या माझ्या राहिल्या असत्या. एवढं सगळं मला लख्ख दिसत होतं. पण ते बघत राहिले, भुवई जराशी वर, आणि मला वाटलं, आज मी मान फिरवली तर हा माणूस पुन्हा कधी विचारायचा नाही.

मी मान हलवली आणि उठले.

नाच चांगला झाला, असं माझं मत आहे. ह्यांचा पाय माझ्या पायावर पडला, पण ते नेहमीचंच होतं. मग मधेच ते थांबले. माझा वेळ. आता इथवर आलेच आहे तर, असं म्हणून मी पाऊल उचललं आणि ह्यांच्या पोटरीवरून सावकाश वर नेलं. जोडवी पँटीच्या इस्त्रीला घासत गेली.

“थांबा!”

कुणीतरी घाईनं तबकडीवरची पिन उचलली. सासूबाई उभ्या होत्या.

“जवळ उभे राहिलात, मी काही बोलले नाही,” त्या म्हणाल्या. “लग्न लावून दिलंय तुमचं. पण अगं, नवऱ्याला पाय लावलास! आणि नमस्कारसुद्धा केला नाहीस?”

“शेवटी करते, आई,” मी पुटपुटले. “एकदम.”

“एकदम? उष्टं-खरकटं आहे का ते, शेवटी एकदम काढायला?”

कंसाची बाजू मांडायला हे पुढे होतील असं मला वाटलं. मेजरची बायको डोळे मोठे करून बघत होती. आंटींनी मोती मुठीत धरले होते. हे म्हणाले, “आई, नियम काय आहे? ज्याचा पाय लागला त्यानं करायचा.”

“मग तेच म्हणतेय मी!”

“माझा पाय मगाशी हिच्या पायावर पडला. रोजच पडतो.”

आणि ते वाकले. भर हॉलमध्ये, आईसमोर, त्यांनी माझ्या पावलाला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

गार्डाच्या बायकोनं ‘ओ माय’ म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी मला इतकं हसू येत होतं की ओठ चावून रक्त निघायचं बाकी होतं. सासूबाईंनी पदर खांद्यावर ओढला आणि त्या चालू लागल्या.

सकाळी निकाल लागला. चहा पिता पिता, आमच्याकडे न बघता.

“बायकोच्या पाया पडणारा मुलगा मी घाटावर कुणाला दाखवू? यात्रेकरू यजमानांनी पाहिलं तर दक्षिणा तुला देतील की हिला? काही नको. तुम्ही इथंच राहा. सणावाराला या, दोन दिवस माणसांसारखे वागा आणि परत या.”

आम्ही दोघं माना खाली घालून उभे राहिलो. शिक्षा झालेल्या माणसाचं तोंड कसं करायचं ते मला येत होतं, हे मात्र खिडकीकडे वळून खोकत राहिले. शाळेतल्या पोरांचं खोकणं त्यांना लगेच ओळखू येत असणार, पण स्वतःला तेवढंच सुचलं.

मग आम्ही सासूबाईंना बसला पोचवायला गेलो. बस उभी होती. जागा बघायला हे आत चढले आणि खाली आम्ही दोघीच उरलो. सासूबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“त्यानं तिकडून तुला विचारलं ना काल? नजरेनं?”

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

“मी काय आंधळी आहे? मी बघत होते, तू आधी कुणाकडे बघतेस. माझ्याकडे की त्याच्याकडे. माझ्याकडे बघितलं असतंस ना, तर आज दोघांनाही घेऊन गेले असते. म्हटलं असतं, ह्यांचं बिऱ्हाड अजून माझ्याच पदराला आहे, उगाच दोन चुली कशाला?”

“मी...” मी म्हणाले.

“तू बघितलंसच नाहीस माझ्याकडे,” सासूबाई म्हणाल्या. “बेशरम.”

एवढं बोलून त्या बसमध्ये चढल्या. हे खाली आले. बस सुटली, धूळ खाली बसली, तशी त्यांनी मला विचारलं, “काय म्हणाली आई?”

“बेशरम म्हणाल्या.”

“कुणाला?”

“मला.”

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग तो न बोलणारा माणूस मला समजावायला लागला. आई तशी मनानं वाईट नाही, तिचं बोलणं मनावर घ्यायचं नाही, चूक सगळी माझी होती, तू रडू बिडू नकोस, असं काय काय. मी पदर तोंडाला लावला आणि घर येईपर्यंत त्यांना समजावू दिलं.